चूलबंद आवतण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या शेडींपुढं मुलांना फुकट जेवण देणारी गाडी आली, आणि पहिल्याच दिवशी तिच्यातलं निम्म्याहून जास्त अन्न परत गेलं. त्याचं खापर अर्थातच शेडीतल्या लोकांवर फुटलं.

शेडी म्हणजे पत्र्याच्या ब्याण्णव खोल्या. चौदा मजल्यांच्या अर्धवट इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून, दोन रांगांत. बिदरकडच्या भालकी, औराद, बसवकल्याणची माणसं तिथं राहत आणि ती इमारत बांधत. त्या वर्षी बोअर आटले, टँकर मिळेनात, आणि काँक्रीटला पाजायला पाणी नाही म्हणून मार्चअखेर काम थांबलं. माणसांना प्यायला पाणी नव्हतं तेव्हा काहीच थांबलं नव्हतं. आता आठवड्यातून दोन दिवस काम मिळालं तर मिळालं. बाकीचे दिवस बाप्ये भिंतीच्या सावलीला पत्ते कुटत बसत आणि बायका घागरींची रांग लावून टँकरची वाट बघत. त्यात दहा तारखेला शाळेला सुट्टी लागली, म्हणजे शाळेतला दुपारचा भातही सुटला.

गाडी आली ती मंडप, फुगे आणि भोंगा घेऊन. पांढरे टी-शर्ट घातलेली वीसेक पोरंपोरी बरोबर होती. पुण्य करायला कंपनीनं त्यांना अर्धा दिवस मोकळा दिला होता आणि ते पुण्य दुपारी दोनच्या आत आटपायचं होतं. 'एकही मूल उपाशी नको' असा फलक कन्नड आणि इंग्रजीत लागला. भोंग्यावरून तीन भाषांत सांगितलं गेलं की मुलांना पाठवा, जेवण फुकट आहे, संध्याकाळसाठी अंडं-केळंही आहे. फुकट हा शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला की ऐकणाऱ्याला लाज वाटावी.

"भोंग्यावर कुणी जेवाया बोलावतंय व्हय?" शेडीतली तानूबाई दारातूनच म्हणाली. "भोंगा तर कचऱ्याच्या गाडीला बी असतोय."

तीनशे पोरांचं अन्न आलं होतं, साठ पोरं गेली. त्यांत तानूबाईच्या शेजारच्या महानंदाची लेक भूमिका होती. महानंदानं ताट घासून तिच्या हातात दिलं होतं आणि त्यापायी तानूबाईची टोचणीही ऐकून घेतली होती.

गाडीचा कारभारी उपेंद्र बनशंकरीचा. त्याचं घराणं शहाजीराजांबरोबर बंगळुरात आलेलं, हे तो ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात सांगायचा. चारशे वर्षांत त्याच्या मराठीत कन्नड मुरलं होतं, आणि बिदरकडची मराठी ऐकली की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. भरलेली पातेली परत गाडीत चढताना बघून तो शेडीकडं तोंड करूनच बोलला.

"भूकच नाही की ओ यांना! आठ दिवस बघतो. पोरांचा नंबर वाढला नाही, तर गाडी हालवतो दुसरीकडं."

महानंदा घागर घेऊन तिथंच उभी होती. 

मागच्या उन्हाळ्यात असंच काम थांबलं तेव्हा ती घरच्यांसह गावी गेली आणि परतायला श्रावण उजाडला. तोवर शाळेनं भूमिकाचं नाव कमी केलं होतं. पोर पुन्हा त्याच वर्गात बसली, आपल्याहून बुटक्या पोरांबरोबर. यंदा काहीही होवो, शाळा उघडेपर्यंत इथून हलायचं नाही, असं महानंदानं ठरवलं होतं. पण गावाहून आणलेल्या ज्वारीचं पोतं खाली बसत चाललं होतं. नवरा योगीराज सेंट्रिंगच्या कामावरचा, दोन दिवसांच्या मजुरीत टँकरच्या पाण्याचंच भागेना.

"येत्या ऐतवारी जाऊ गावाकडं," योगीराज त्या संध्याकाळी म्हणाला.

"लेकराचं दुपारचं जेवन तिथं हाय, सांजचं अंडं हाय. आपन दोघं एक टायमाला खाऊ. गाडी हाय तवर ऱ्हाऊ."

"अन् गाडीच गेली मंग?"

महानंदा परातीत पीठ मळत राहिली. सिमेंटनं चिरलेल्या तिच्या तळव्यांना पिठातलं मीठसुद्धा झोंबत होतं.

दाराशी बसलेला तिचा सासरा परसू तेवढ्यात बोलला. "लोकं येईनात, कारन आवतण न्हाई."

परसू सत्तरीला टेकला होता. बायको गेल्यावर गावात एकटा राहू शकेना म्हणून ल्योकानं त्याला इथं आणून टाकलं होतं. गावात त्याला मान होता तो एकाच कामाचा. लग्न असो, बारसं असो की तेरावं, घरोघर जाऊन जेवणाचं आवतण द्यायचं ते परसूनं. तीनशे घरांतल्या कर्त्या माणसांची नावं त्याला तोंडपाठ. घरटी एक माणूस बोलवायचा की चूलबंद सांगायचं, हे तो यजमानाला आधी नीट विचारून घेई. चूलबंद म्हणजे अख्खं घर जेवायला, त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. पात्रं मांडली की तो पुन्हा फिरून हाक घाली आणि स्वतः मात्र शेवटच्या पंगतीला बसे. ज्यानं बोलावलं त्यानं आधी जेवायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी परसू टोपी घालून उपेंद्रपुढं उभा राहिला.

"साहेब, मी आवतण देतो. समदे येत्याल."

"द्या की अज्जा, द्या! क्राउड पायजे मला. फुल पायजे." उपेंद्र फोनवर बोटं फिरवत होता.

"घरटी एक सांगू का चूलबंद?"

उपेंद्रनं मान हलवली. फोनमधून डोळे काढले नाहीत.

"चूलबंद सांगू मंग?"

"सरी, सरी. बरं. सगळ्यांना सांगा."

परसूला एवढं पुरलं. ज्या माणसाच्या हाती तीनशे पोरांचं अन्न, तो काय उगीच मान हलवेल? परसूचं सगळं आयुष्य यजमानाच्या शब्दावर गेलं होतं. बिनशब्दाचे यजमान त्यानं कधी पाहिलेच नव्हते.

तो धोतर धुऊन वाळत घालून बसला, वाळल्यावर नेसला आणि ऊन कलल्यावर निघाला. ब्याण्णव दारं. प्रत्येक दाराशी थांबून, घरधन्याचं नाव घेऊन, हात जोडून म्हणाला, "उद्या दुपारी गाडीपाशी जेवाया यायचं. चूलबंद आवतण हाय." इथं आल्यापासून कुणी त्यांना घरधनी समजून नावानं हाक मारली नव्हती. बायका पदर सावरून पुढं आल्या. तानूबाईनं तर परसूला गूळपाणी दिलं.

"आता कसं," ती म्हणाली. "आता ईन की मी."

दुसऱ्या दिवशी शेडीत एक चूल पेटली नाही. बारा वाजता चारशे माणसं धुतलेल्या कपड्यांत, आपापलं ताट-तांब्या घेऊन मंडपाशी आली. परसूनं त्यांना समोरासमोर दोन रांगांत बसवलं, मधून वाढप्याला फिरायला जागा ठेवली. मंडपात मावली नाहीत ती उन्हात बसली. तापलेल्या जमिनीवर बायकांनी पदर अंथरले, म्हाताऱ्यांनी चपला मांडीखाली घेतल्या. टी-शर्टवाली मंडळी पळी घेऊन टेबलामागं उभी होती. त्यांना रांग लावून ताटात ओतायचं ठाऊक, पंगत वाढायची ठाऊक नाही. दोन पोरी हसत हसत पातेलं उचलून निघाल्या आणि म्हाताऱ्यांपासून वाढू लागल्या.

दहा-बारा पानं वाढून झाली असतील, तेवढ्यात उपेंद्र आला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानं भोंगा हातात घेतला.

"ओन्ली चिल्ड्रन! फक्त पोरं! मोठ्यांनी उठा! उठा म्हणतो ना!"

कुणी उठेना. उठायचं म्हणजे काय, हेच कळेना. पंगतीत बसलेल्या माणसाला उठवतात, असं त्या चारशे जणांनी ऐकलं होतं ते फक्त भांडणातल्या शिव्यांमध्ये.

"काय माणसं आहेत की ओ ही!" उपेंद्र म्हणाला, आणि भोंगा चालूच होता. "पोरांच्या तोंडचं खायला बसले!"

एका पोरानं तानूबाईच्या पुढलं ताट उचललं. त्यात भात होता. त्यानं तो पुन्हा पातेल्यात ओतला आणि रिकामं ताट तिच्यापुढं ठेवलं. वर 'सॉरी आंटी' म्हणाला. एवढी सभ्यता त्याला कंपनीनं शिकवली होती.

परसू दोन्ही रांगांच्या मधोमध उभा होता. त्याचे जोडलेले हात तसेच राहिले होते. एक फोटोवाला स्टुलावर चढून चारशे माणसं, चारशे ताटं आणि मधला तो म्हातारा टिपत होता. या सगळ्या प्रकारात मनापासून खूश असलेला तो एकटाच.

तीन वाजता शेडीत चुली पेटल्या. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे ओढून बायकांनी जाळ केला. भर उन्हात पत्र्याखाली धूर कोंडला, पोरं खोकू लागली. तानूबाई परसूच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मामा, माजं वय सत्तावन. मला आजवर कुनी पंगतीतून उठिवलं नव्हतं."

परसू खाली मान घालून बसला.

"मी गूळपानी दिलतं तुमाला," ती म्हणाली आणि गेली.

महानंदानं ताट पुढं केलं, ते त्यानं सरकवलं. त्याबरोबर तिचा तोल सुटला. "तुमाला कुनी सांगितलं हुतं चूलबंद मनाया? लेकरांचं आवतण दिऊन आला असताव तर झालं नसतं?"

"इचारलं हुतं त्याला. मान हालिवली की त्यानं."

"मान तर त्यो फोनकडं बगून बी हालिवतो!"

परसूनं टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "तानूला सांग. तिला उठिवलं त्या गाडीतलं शीत बी मी तोंडात घालनार न्हाई."

बोलून उपयोग काय? बायकांनी रागानं आपापली पोरं घरात ओढली. गाडीपुढं चाळीस पोरं उरली. भूमिका रोज जात होती, आईच्या धाकानं. वाटेत पोरं तिला चिडवायची, की तुझ्या आबापायी आमच्या आईबापाला उठवलं. ती येऊन अंडं आईच्या हातावर ठेवायची आणि कोपऱ्यात जाऊन बसायची. योगीराजनं गावी जायला गोणी झटकून ठेवली. शनिवारी गाडी बंद होणार अशी बातमी आलीच होती.

गुरुवारी दुपारी उपेंद्र स्वतः परसूच्या दाराशी आला. नाकाला रुमाल होता, दुसऱ्या हातात भूमिकासाठी चॉकलेट होतं.

"अज्जा, तुमचे ते फोटो काय चाललेत म्हणून सांगू! ऐतवारी कल्पना मॅडम येतात. इंदिरानगरात त्यांची चार हॉटेलं. त्यांना फोटो एवढे आवडले, की बघायलाच येतो म्हणाल्या. त्यांनी हात दिला तर शाळा उघडेपर्यंत गाडी चालते. पण तसंच पायजे हां, त्या दिवशीसारखं. फ्यामिलीसकट."

ज्यांना उठवलं, त्यांनाच पुन्हा बसवायचं होतं. उपेंद्रला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"किती जनांचं रांधनार?" परसूनं विचारलं.

"दोनशे."

"अन् मानसं?"

"चारशे तरी दिसायला पायजेत."

"दिसाया चारशे, जेवाया दोनशे."

"सरी! बरोबर कळलं तुम्हाला." उपेंद्रनं मनापासून कौतुक केलं.

महानंदा चुलीपाशी बसली होती. ती सासऱ्याकडं बघत राहिली. परसूनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा चॉकलेटचा कागद चाटणाऱ्या नातीकडं.

"शाळा उगडंस्तवर?"

"शंभर टक्के."

"ह्या बारीला मान हालवू नका. तोंडानं सांगा."

"शाळा उघडेपर्यंत, अज्जा. देवाशपथ."

परसूनं खुंटीवरची टोपी काढली.

पुन्हा ब्याण्णव दारं. या खेपेला कुणी पदर सावरला नाही. काहींनी त्याला बघून दार ओढून घेतलं, तरी तो बाहेर उभा राहून बोलला. जन्मभर आवतण देणाऱ्या माणसानं त्या दिवशी दिलं तसलं आवतण कधी दिलं नसेल.

"ऐतवारी जेवून या," तो म्हणत होता. "मोठ्यांनी घरून जेवून यायचं, लेकरं तेवडी उपाशी आना. पंगतीत बसायचं, वाढलेलं लेकरांच्या ताटात सारायचं. बसन्यापुरतंच बोलावलंय. शाळा उगडंस्तवर लेकरांचं भागंल."

तानूबाईनं ऐकून घेतलं. "जेवून येनाऱ्याला आवतण? ही कुटली रीत, मामा?"

"हितली," परसू म्हणाला.

ती थुंकली. परसूवर नाही, गाडी उभी राहायची त्या बाजूला. "येते. लेकरांपायी येते."

रविवारी सकाळी सगळ्या चुली पेटल्या. भाकरी-कालवण खाऊन, तोंडं पुसून माणसं आली आणि मुकाट दोन रांगांत बसली. परसू तेवढा उपाशी होता. आवतण देणाऱ्यानं आधी जेवायचं नाही ही सवय त्याच्या हाडात मुरली होती, मग आवतण कसलंही असो.

कल्पना मॅडम मूळच्या पुण्याच्या निघाल्या. "ओ गॉड, हे सगळे मराठी आहेत? हाऊ स्वीट!" त्यांनी गॉगल कपाळावर चढवला आणि रांगांमधून फिरल्या. टी-शर्टवाल्यांनी तोवर पंगत वाढायचं शिकून घेतलं होतं. डाळ-भाज्यांचा तिखट बिसीबेळे भात होता, वर तूप होतं. मोठी माणसं ताटातला भात शेजारच्या पोराकडं सरकवत होती. मॅडमना ते बघून भरून आलं.

"बघितलंस? स्वतः खात नाहीत, मुलांना देतात," त्या उपेंद्रला म्हणाल्या.

उपेंद्रनं मान हलवली.

मग त्यांना परसू दिसला. फोटोतला म्हातारा तोच. त्यांनी तानूबाईच्या ताटातला भात चमच्यानं उचलला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. "आजोबा, माझ्या हातनं एक घास. प्लीज."

"मी मागून जेवतो, बाई."

"असं नाही हां, एक तरी!"

फोटोवाला गुडघ्यावर आला. उपेंद्र मॅडमच्या मागं उभा राहून डोळ्यांनी खुणावत होता. समोर तानूबाई बसली होती, तिनं मान वळवली नाही. परसूच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि तुपाचा वास नाकात शिरत होता. त्यानं तोंड उघडलं.

"एक मिनिट," फोटोवाला म्हणाला. "डोळे मिटले यांचे. परत."

दुसरा घास आला. मग ऊन आडवं येतंय म्हणून मॅडमनी जागा बदलली आणि तिसरा आला. परसूचे दोन्ही गाल फुगले, तिखटानं डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "वा!" फोटोवाला ओरडला. "हाच!"

कुणाचं लक्ष नाही असं बघून परसू गाडीमागं गेला. तिथं त्यानं वाकून तिन्ही घास मातीत टाकले. भाकरीचा तुकडा खाली पडला तर कपाळाला लावून खाणारा तो माणूस. त्यानं पायानं वर माती ओढली आणि टायरला धरून उभा राहिला.  महानंदा मागोमाग आली होती, पण पुढं व्हायचा तिला धीर झाला नाही. तिच्या बाजूनं तानूबाई गेली आणि तिनं आपला तांब्या परसूपुढं धरला.

"घ्या मामा," ती म्हणाली. "चूळ भरा."

उपेंद्रनं शब्द पाळला. म्हणजे मॅडमनी पैसे दिले. गाडी सोमवारी आली, मंगळवारी आली, रोज साडेबाराला येत राहिली. योगीराजनं गोणी पुन्हा खाटेखाली सारली. परसू रोज बाराला ब्याण्णव दारांवरून हाक घालत फिरायचा आणि पोरं ताटं वाजवत त्याच्या मागं निघायची. पोरं जेवून उठली की तो घरी यायचा. तिथं महानंदानं त्याची अर्धी भाकरी झाकून ठेवलेली असायची.

आठवड्यानं जुना फलक उतरला आणि नवा लागला. मंडपाएवढा. त्यावर परसूचं तोंड होतं, गाल फुगलेले, डोळे वाहणारे. शेजारी मॅडमचा हात आणि चमचा. पोरांना गंमत वाटली. परसूनं एकदा पाहिलं आणि त्यानंतर तो मंडपाकडं पाठ करून उभा राहू लागला.

एके दिवशी जेवता जेवता भूमिकानं त्याला हाक मारली. घरात कन्नड वाचता येणारी ती एकटीच.

"आबा, तुमच्या फोटूखाली काय लिवलंय ठाव हाय? 'आज मी पोटभर जेवलो. देणाऱ्यांचं भलं होवो.' तुमी मनलाव असं लिवलंय. कवा मनलाव?"

"मनलो असंन."

"त्यो घास कसा लागला हुता?"

परसूनं तिच्या ताटाकडं पाहिलं. भात वाफाळत होता, वर तुपाचा ठिपका होता. पोरीच्या ओठाला शीत चिकटलं होतं.

"तुला कसा लागलालाय?"

"चांगला हाय की."

"मंग मला बी चांगलाच लागला," परसू म्हणाला. "जेव तू."